लपवून बाळगायला कोणतं पिस्तूल घ्यावं, आणि रोजच्या हाताळणीत काय सांभाळावं?

शांतचित्त:

मंडळी नमस्कार. परवाना हातात आहे, अंगावर लपवून बाळगायची मुभा त्यात नमूद आहे, प्रशिक्षणही पूर्ण आहे. आता प्रश्न खरेदीचा. यादी तीनवर आणली आहे:

अ) पाच गोळ्यांचं हलकं .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर, नळी दोन इंचांच्या आत.
आ) सडपातळ ९ मिमी पिस्तूल, मॅगझिनमध्ये १० गोळ्या, स्ट्रायकर पद्धतीचं (मागे हातोडा म्हणजे घोडा नसलेलं, आतल्या पिनेने ठोका देणारं), हाताने लावायची सेफ्टी नाही.
इ) खिशात मावणारं, .३८० एसीपी काडतुसाचं पिस्तूल.

हाताचा पंजा मध्यम, अंगकाठी सडपातळ, शर्ट बाहेर सोडलेला असतो. दिवसाचा बराच वेळ खुर्चीत किंवा गाडीत जातो. घरात सहा वर्षांचं मूल आहे. विक्रेते म्हणतात छोटं घ्या, रेंजवरचे म्हणतात मोठं घ्या. नेमकं काय बघून ठरवायचं? होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) कमरेवर कुठे? आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, गोळी सुटते त्या घरात) गोळी ठेवून बाळगायचं की रिकामं?

दहा_मीटर:

विक्रेता लपवणं मोजतो, रेंजवाला नेम मोजतो. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून त्यांचं भांडण मिटत नाही.

लपवण्याबद्दल एक गैरसमज आधी काढून टाका. कपड्यातून उठून दिसते ती मूठ, नळी नव्हे. नळी पँटच्या आत खाली जाते; ती अर्धा-पाऊण इंच लांब असली तर उलट पिस्तूल पट्ट्यात डुलत नाही, नीट टेकून राहतं. मुठीचं मागचं टोक मात्र वाकलात की शर्टाला तंबू करतं. म्हणून दोन मॉडेलांत अडलात तर आखूड मूठ निवडा, आखूड नळीच्या मागे लागू नका.

आता झटका. काडतूस तेच आणि पिस्तूल हलकं, म्हणजे झटका जास्त, यात पळवाट नाही. सिग पी३६५ सारखं छोटं ९ मिमी रिकामं साधारण अर्ध्या किलोचं, ग्लॉक १९ त्याहून शंभर-दीडशे ग्रॅम जड. हा फरक पहिल्या गोळीला जाणवत नाही, दुसरीला जाणवतो: साइट (नेमाची खूण) परत लक्ष्यावर यायला किती वेळ लागतो ते बघा. शक्य असेल तर तिन्ही प्रकार रेंजवर भाड्याने किंवा ओळखीने चालवून पाहा. पाच ते सात मीटरवर आधी पाच गोळ्या सावकाश, मग दोन-दोनच्या जोड्या पटापट. जोडीतली दुसरी गोळी हातभर भरकटत असेल तर ते पिस्तूल तुमच्या हातचं नाही, कितीही सुबक लपत असलं तरी.

हातात कसं बसतं हे दुकानात तपासता येतं. रिकामं आहे याची खात्री स्वतः करून, सुरक्षित दिशेला धरून:

अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या मागे शक्य तितकी वर जायला हवी. त्या स्थितीत पंजा न फिरवता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला मऊ भाग चापावर पडायला हवा. बोट पुरत नाही म्हणून पंजा फिरवावा लागला तर झटका मनगटाऐवजी अंगठ्याच्या बुडावर येतो आणि प्रत्येक गोळीनंतर पकड सुटते. करंगळी हवेत लोंबकळत असेल तर मॅगझिनचं लांब बूड मिळतं. त्याने मूठ पुन्हा लांब होते, तेव्हा तो सौदा डोळे उघडे ठेवून करा.

कॅलिबरवर रात्रभर वाद घालणाऱ्यांना घालू द्या. अमेरिकेच्या एफबीआयने स्वसंरक्षणाच्या गोळीसाठी ठरवलेली कसोटी म्हणजे जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच घुसणं. चांगली ९ मिमी होलो पॉइंट (टोकाला पोकळ, आत शिरल्यावर फुलणारी गोळी) ते आरामात करते. .३८० ला तिथे ओढाताण होते: गोळी फुलली तर खोल जात नाही, खोल गेली तर बहुधा फुललेली नसते. आखूड नळीतून वेग घटतो, म्हणून डब्यावरचा वेग लांब नळीचा तर नाही ना, तेवढं पाहा.

माझं मत: आ.

लोखंडी_चणे:

आ ला माझाही विरोध नाही, पण अ आणि इ बद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण "नवशिक्याला छोटं रिव्हॉल्व्हर" हा सल्ला अजून सर्रास दिला जातो.

स्मिथ अँड वेसन ६४२ सारखं हलकं रिव्हॉल्व्हर चारशे-सव्वाचारशे ग्रॅमचं. त्याचा चाप ओढायला पाच किलोच्या वर जोर. म्हणजे वस्तूच्या वजनाच्या दसपटीहून जास्त जोर एका बोटाने लावायचा आणि नळी हलू द्यायची नाही. वर मागची साइट म्हणजे चौकटीच्या माथ्यावरची एक खाच. लांब, जड चाप चुकून ओढला जाणं अवघड, हा त्याचा खरा फायदा. पण नेम मारायला नवशिक्याच्या हातात यापेक्षा अवघड शस्त्र सहसा पडत नाही.

"रिव्हॉल्व्हर अडकत नाही" हेही अर्धसत्य. फुसकी गोळी निघाली तर चाप पुन्हा ओढायचा आणि पुढची समोर येते, इथपर्यंत खरं. पण न जळलेल्या दारूचे कण टरफलं बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली गेले की सिलिंडर बंदच होत नाही किंवा घासत फिरतो. म्हणून रिकामी टरफलं काढताना नळीचं तोंड आकाशाकडे करून दांडा एकदाच जोरात मारायचा. कण खाली पडतात, चांदणीखाली शिरत नाहीत. दुसरं, फार हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये झटक्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या हळूहळू टरफलातून पुढे सरकतात आणि सिलिंडर जाम करतात. चार गोळ्या झाडून पाचवीची लांबी नव्या काडतुसाशी ताडून बघा. वाढली असेल तर तो डबा या रिव्हॉल्व्हरला नको. तिसरं, सिलिंडर आणि नळीच्या फटीतून तापलेला वायू बाजूला फेकला जातो. पिस्तुलाच्या सवयीने डाव्या हाताचा अंगठा पुढे ठेवलात तर भाजेल, कापेलही.

.३८० चं म्हणाल तर दोन जाती आहेत. वॉल्थर पीपीके सारख्या जुन्या घडणीत नळी स्थिर, स्लाइडला (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) फक्त स्प्रिंग आणि तिचं स्वतःचं वजन रोखून धरतं. म्हणून स्प्रिंग कडक, स्लाइड ओढायला त्रास, आणि झटकाही टोचरा. नव्यांपैकी बऱ्याच पिस्तुलांत नळी काही क्षण स्लाइडला अडकून मागे येते. ती ओढायला कितीतरी हलकी. ज्यांच्या बोटांत जोर कमी त्यांना "छोटं म्हणजे सोपं" असं सांगून पहिली जात गळ्यात मारतात.

बाकी स्लाइड ओढणं ताकदीपेक्षा रीतीचं काम आहे. पिस्तूल छातीजवळ, डाव्या हाताची चार बोटं स्लाइडवर वरून, आणि डाव्या हाताने ओढण्याऐवजी उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. मात्र या नादात नळीचं तोंड डावीकडे शेजाऱ्यावर जातं. रेंजवर आरडाओरडा होतो तो बहुतेक याचसाठी.

शस्त्रागार:

वरचं सगळं बरोबर, पण होल्स्टर आणि हाताळणीवर कुणी फारसं बोललं नाही. अपघाती गोळी सुटते ती बहुतेक पिस्तूल परत ठेवताना, रिकामं करताना, साफ करायला उघडताना. तेव्हा इथे जरा सविस्तर.

मूळ चार नियम माहीत असतीलच: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, ज्याला इजा व्हायला नको त्याच्याकडे तोंड नको, साइट लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. यांची रचना अशी आहे की एक मोडला तरी दुसरा वाचवतो. माणूस मरतो तो दोन एकदम मोडल्यावर.

होल्स्टर. स्ट्रायकर पिस्तुलाला बाहेरची सेफ्टी नाही, चाप साधारण अडीच किलोला सुटतो. म्हणजे होल्स्टर हीच तुमची सेफ्टी. त्याने ट्रिगर गार्ड (चापाभोवतीचं कडं) दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकायला हवा, आणि तो भाग इतका टणक हवा की बाहेरून अंगठ्याने दाबला तरी आतला चाप हलू नये. पिस्तूल काढल्यावर तोंड उघडंच राहायला हवं. मिटलं तर परत ठेवताना ते उघडायला दुसरा हात येतो आणि तो नळीसमोर जातो. रिकामं पिस्तूल घालून गादीवर उलटं धरून हलवा, पडता कामा नये. कायडेक्सचं (टणक प्लास्टिकचं), नेमक्या त्या मॉडेलसाठी घडवलेलं सगळ्यांत सोपं. चामडं चांगलं असतं, पण वापरून वरची कड मऊ पडली की ती दुमडून ट्रिगर गार्डमध्ये शिरते. पिस्तूल खाली रेटलं की तीच घडी चाप ओढते. "सगळ्या मॉडेलांना चालेल" असं लिहिलेलं नायलॉनचं होल्स्टर घेऊच नका. क्लिपचे स्क्रू महिन्याकाठी तपासा, ढिले होतातच. पट्टा ३८ मिमी रुंद आणि ताठ. साधा पट्टा पिळला जातो, मूठ बाहेर झुकते आणि दोष पिस्तुलाला मिळतो.

जागा. बेंबी म्हणजे घड्याळातले १२ धरले तर उजव्या हाताच्या माणसाला ३ ते ४ वाजता, म्हणजे कंबरेच्या हाडामागे, शिकायला सुरक्षित. खुर्चीत बसून त्रास कमी व्हावा आणि सडपातळ अंगावर नीट लपावं तर १ वाजताची, पोटापुढची जागा सोयीची. होल्स्टरला मूठ आत दाबणारा पंखा असला तर जवळपास दिसतच नाही. पण तिथे नळीचं तोंड मांडीच्या मोठ्या धमनीकडे असतं. त्या जागेला चूक माफ नाही. पाठीच्या कण्यावर, ६ वाजता, नको: पाठीवर पडलात तर लोखंड मणक्यावर. पिशवीत नको, कारण पिशवी कुठेही टेकवली जाते. खिशात ठेवायचं तर खिशाच्या होल्स्टरमध्येच, आणि त्या खिशात दुसरं काही नाही, किल्ली नाही, पेन नाही.

परत ठेवणं. पिस्तूल काढताना घाई असू शकते, ठेवताना कधीच नसते. बोट सरळ, स्लाइडवर उंच. डाव्या हाताने शर्ट वर छातीपर्यंत. खाली मान घालून होल्स्टरचं तोंड बघा. "न बघता ठेवता आलं पाहिजे" हा शहाणपणा इथे बाजूला ठेवा. पोटापुढे असेल तर कंबर पुढे, खांदे मागे, म्हणजे नळी अंगापासून बाहेर वळते. घोडा असलेल्या पिस्तुलावर अंगठा घोड्यावर ठेवा. काही चापात अडकलं तर घोडा उठताना अंगठ्याला कळतं. स्ट्रायकरवर अंगठा स्लाइडच्या मागच्या पाटीवर, म्हणजे स्लाइड मागे सरकत नाही. किंचितही अडलं की थांबा, बाहेर काढा, बघा. जॅकेटची नाडी, तिच्या टोकाचा प्लास्टिकचा मणी, शर्टाची कड: ठरलेले गुन्हेगार. नाड्या कापूनच टाका. सकाळी लावताना आणखी सोपं: पिस्तूल आधी होल्स्टरमध्ये घाला, मग होल्स्टरसकट कमरेला खोचा.

रिकामं करणं. क्रम महत्त्वाचा. तोंड सुरक्षित दिशेला, बोट बाहेर, आधी मॅगझिन काढून दूर, मग स्लाइड दोन-तीनदा पूर्ण ओढा, मागे अडकवा, चेंबरमध्ये बघा आणि करंगळीने चाचपा. क्रम उलटला, आधी स्लाइड आणि मग मॅगझिन, तर स्लाइडने एक गोळी बाहेर काढून दुसरी आत घातलेली असते आणि हातातलं मॅगझिन बघून माणूस निर्धास्त होतो. करंगळी एवढ्यासाठी की एक्स्ट्रॅक्टर (टरफल ओढणारा आकडा) तुटला असेल तर स्लाइड कितीही ओढा, गोळी आतच राहते. बाहेर पडणारी गोळी तळहाताने झेलायची फॅशन आहे, ती सोडा: गोळी आडवी होऊन प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पेटवणारी टोपी) इजेक्टरवर, म्हणजे टरफल बाहेर उडवणाऱ्या खिट्टीवर, आदळला तर ती हातात फुटते. जमिनीवर पडू द्या.

मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं, हा समजही घातक. ब्राउनिंग हाय पॉवर सारख्या काहींत मॅगझिन नसताना चाप चालत नाही. बाकी बहुतेकांत चालतो.

साफसफाई. ग्लॉकची स्लाइड उतरवायला चाप ओढावाच लागतो. सिग पी३६५ ला नाही. पहिल्या प्रकारात चेंबर तपासायला विसरलात तर गोळी टेबलातून जाते. साफसफाईच्या खोलीत एकही काडतूस नको. तेल रुळांवर थेंब-थेंबच. फायरिंग पिनच्या भोकात तेल गेलं की धूळ आणि कापडाचे तंतू धरून ते घट्ट होतं आणि प्रायमरवर ठोका अर्धवट पडतो.

आणि हातातून पिस्तूल निसटलं तर झेलू नका. पडू द्या. आजच्या बहुतेक चांगल्या पिस्तुलांत फायरिंग पिन अडवणारी योजना असते, पडून गोळी सुटत नाही. झेलायला गेलेलं बोट चापात जातं आणि सुटते. जुन्या घडणीच्या सिंगल ॲक्शन (घोडा दर वेळी अंगठ्याने ताणावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरचं मात्र वेगळं आहे, १८७३ च्या कोल्ट पद्धतीत घोडा भरलेल्या चेंबरवर टेकलेला असेल तर पडल्यावर गोळी सुटू शकते. रुगरने १९७३ मध्ये ट्रान्सफर बार (चाप ओढल्यावरच घोडा आणि पिनेच्या मध्ये येणारी पट्टी) आणला तो यासाठीच.

शांतचित्त:

शस्त्रागार, दहा_मीटर, लोखंडी_चणे, तिघांचेही आभार. अ आणि इ यादीतून काढले. चेंबरचा प्रश्न राहिलाच. सेफ्टी नसलेलं पिस्तूल, त्यात गोळी, आणि तोंड अंगाकडे, हे मनाला पटत नाही. शिवाय रात्री मूल घरात असताना काय करायचं? रोज रिकामं करून ठेवू का?

दहा_मीटर:

चेंबर रिकामं ठेवलं तर वेळेला दोन्ही हात मोकळे हवेत, आणि घाबरलेला माणूस स्लाइड अर्धीच ओढतो. म्हणून बहुतेक प्रशिक्षक चेंबरमध्ये गोळी ठेवायला सांगतात. पण पटेपर्यंत ठेवू नका. घरात दोन आठवडे असं करा: पिस्तूल पूर्ण रिकामं, स्लाइड एकदा ओढून स्ट्रायकर ताणलेला, होल्स्टरमध्ये, दिवसभर कमरेला. बसा, वाका, बूट बांधा. रात्री काढून चाप बघा (ही खूण ग्लॉकसारख्यांची; काहींत चाप ओढला गेल्यावरही पुढेच येतो, तिथे ती चालत नाही). पुढेच असेल तर दिवसभरात तो ओढला गेला नाही. मागे गेलेला सापडला तर दोष होल्स्टरात किंवा ठेवण्याच्या सवयीत आहे, आणि तो गोळीविना कळला. तरीही मन मानेना तर हाताने लावायची सेफ्टी असलेलं तेच मॉडेल घ्या. मात्र प्रत्येक वेळी काढताना ती अंगठ्याने खाली करण्याचा सराव हवा, नाहीतर ऐन वेळी विसराल.

बाहेरच्या शौचालयाचं लिहितो, कुणी लिहीत नाही म्हणून. पट्टा सोडला की होल्स्टर उलटं होतं. पिस्तूल काढून टाकीवर किंवा खुंटीवर ठेवू नका, तिथेच विसरलं जातं. होल्स्टरमध्येच राहू द्या, पँट गुडघ्याच्या वर धरून.

शस्त्रागार:

रोज रिकामं करून रोज भरू नका. एक म्हणजे जितकी हाताळणी तितकी चुकीची संधी. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं: तेच वरचं काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये आदळलं की गोळी टरफलात आत ढकलली जाते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, ९ मिमीत तर झपाट्याने. चेंबरमध्ये एकदा गेलेली गोळी डब्यातल्या नव्या गोळीशेजारी उभी करून उंची बघा. नखाएवढाही फरक दिसला तर ती वापरू नका. चेंबरची गोळी दर वेळी बदला आणि बाळगण्याचा सगळा साठा वर्षाकाठी रेंजवर संपवून नवा भरा. घामाने आणि तेलाने प्रायमर खराब होतात ते वेगळंच.

रात्री होल्स्टरसकट काढा आणि तसंच कुलपाच्या पेटीत. होल्स्टरमधून पिस्तूल बाहेर येतच नाही. पेटी भिंतीला किंवा जड कपाटाला बोल्टने आवळलेली, यांत्रिक बटणांची किंवा बॅटरीची. बॅटरीची असेल तर जादा किल्ली घरातल्या खणात नको. उंच कपाट, उशी, गादीखालची जागा म्हणजे लपवलेलं नव्हे. सहा वर्षांच्या मुलाला सगळं सापडतं, आणि बोटात जोर नसला तरी पिस्तूल उलटं धरून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबता येतो. पिस्तूल आणि काडतुसं वेगळी ठेवावीत असा तुमच्याकडे कायदा असेल तर तोच पाळा, मग रोज रिकामं करणं आलं. ते मात्र ठरलेल्या एकाच जागी, गोळी अडेल अशा भिंतीकडे तोंड करून.

लोखंडी_चणे:

खरेदीनंतरचं थोडं. बाळगायला लागण्याआधी सरावाच्या दोनशे आणि बाळगायच्या जातीच्या निदान पन्नास गोळ्या त्या पिस्तुलातून, त्याच मॅगझिनमधून जाऊ द्या. छोट्या ९ मिमी पिस्तुलांना मनगट सैल चालत नाही. स्लाइड पूर्ण मागे येत नाही आणि टरफल उभं अडकतं. तसं वारंवार झालं तर दुकानात परत न्यायच्या आधी एखाद्या भक्कम मनगटाच्या माणसाला चालवू द्या.

चाप ओढला आणि "टक्" झालं तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, काडतूस उशिराही पेटू शकतं. मग मॅगझिनला खालून थाप, स्लाइड पूर्ण ओढा. (प्रत्यक्ष संकटात अर्धं मिनिट नसतं, तिथे थेट थाप आणि ओढ.) आवाज मात्र नेहमीपेक्षा फुसका आला आणि झटका जाणवला नाही तर तिथेच थांबा, स्लाइड ओढून पुढची झाडू नका. दारू कमी असलेल्या काडतुसाची गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि पुढची तिच्यावर आदळली की नळी फुगते किंवा फाटते. रिकामं करा, स्लाइड उतरवा, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का बघा.

घरच्या कोरड्या (गोळीविना) सरावाबद्दल: गोळ्या दुसऱ्या खोलीत, समोर विटांची भिंत, चेंबरमध्ये डमी काडतूस. संपला की मोठ्याने म्हणा "सराव संपला" आणि पिस्तूल बंद करा. भरल्यानंतर "आणखी एकदाच" म्हणून ओढलेला चाप हा घरातल्या अपघातांचा नेहमीचा मासला आहे.

उजवी_मूठ:

उशिरा आलो, एवढंच: बंद रेंजवर कानात बोंडं आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही. पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, अचानक आवाजाची मर्यादा १४० धरतात. आणि परतल्यावर जेवायच्या, मुलाला उचलायच्या आधी हात गार पाण्याने साबण लावून धुवा, कपडे बदला. प्रायमर आणि गोळीतलं शिसं हातावर, बाहीवर बसलेलं असतं.